पशुवैद्यक व्हायचंय? आधी आठ दिवस गोठ्यात उभं राहून बघा

नीटचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो. एरवी म्हैस माजावर येत नाही, शेळ्यांना हगवण लागलीय, कुत्रं दोन दिवस कशाला तोंड लावत नाहीये अशी पत्रं असतात. निकालानंतर मात्र गठ्ठ्यातली निम्मी पत्रं एकाच विषयाची, व्हेटर्नरीला जाऊ का, कसं जायचं, आणि गेलोय तर निभावेल का. म्हणून या खेपेला जनावरांची पत्रं पुढच्या अंकावर ढकलतेय (जी तातडीची होती त्यांना फोनवर सांगितलंय, काळजी नको) आणि मुलांच्या पत्रांना उत्तरं देतेय. मी स्वतः तीस वर्षं हेच काम केलंय, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

प्रश्न : नीटला एमबीबीएस मिळेल इतके मार्क नाहीत, व्हेटर्नरी मिळू शकेल. मला कुत्र्यामांजरांची प्रचंड आवड आहे, सोसायटीतल्या कुत्र्यांना रोज मीच खायला घालते. पण घरचे म्हणतात मुलीने ढोरांचा डॉक्टर होणं बरं दिसतं का, उद्या लग्नाला अडचण येईल. काय करू? (बारावी झालेली मुलगी, पिंपरी)

आधी घरच्यांचं बघू. 'ढोरांचा डॉक्टर' हा शब्द मीही ऐकलाय गं, आमच्या बॅचला मुली मोजून चार होत्या आणि गावात गेलं की लोक आधी विचारायचे, डॉक्टर कुठायत. आता तू कुठल्याही कॉलेजात जाऊन बघ, मुली किती दिसतात ते. घरच्यांना एक गोष्ट नक्की सांग. माणसाने आजपर्यंत दोनच रोग जगातून मुळासकट संपवलेत, एक माणसांचा देवीचा रोग आणि दुसरा जनावरांचा बुळकांडी. तुझ्या पणजीला विचारायला मिळालं असतं तर तिने सांगितलं असतं की बुळकांडी आली की दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या आणि त्या साली पेरणीला बैलच नसायचा. 2011 साली तो रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि हे ज्यांनी केलं ते गावोगाव लस टोचत फिरलेले पशुवैद्यक आणि त्यांच्या हाताखालची माणसं. हे कमी दर्जाचं काम असेल तर मग मोठं काम कुठलं ते मला खरंच कळत नाही.

आता तुझं. कुत्र्यामांजरांची आवड आहे हे छानच, पण हा कोर्स कुत्र्यामांजरांचा नाहीये हे आत्ताच समजून घे. अ‍ॅनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेत, मुख्य जनावर गाय-बैल; घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी ही त्याच्याशी तुलना करत शिकायची. पुढे पोल्ट्री आहे, चारा आणि खाद्याचं गणित आहे, पैदाशीचं शास्त्र आहे, दुधाची आणि मांसाची तपासणी आहे, म्हणजे कत्तलखान्यातही उभं राहावं लागतं, आणि पोस्टमार्टेम तर असतंच. घरात शाकाहार पाळत असाल तर त्यासाठी मनाची तयारी वेगळी करावी लागते. माझी झाली, वेळ लागला पण झाली.

आणि माया वेगळी, इलाज वेगळा. माझ्याकडे एकदा एक बाई मांजर घेऊन आल्या, अंग गरम लागत होतं म्हणून त्यांनी घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली होती, आपण लेकराला देतो तशी. मांजराच्या लिव्हरला ते औषध पचवताच येत नाही. ओठ उचलून बघितलं तर हिरड्या गुलाबीच्या ऐवजी चॉकलेटी तपकिरी, तोंड सुजलेलं, धाप लागलेली. त्या मांजराला मी वाचवू शकले नाही. त्या बाईंची माया माझ्यापेक्षा जास्तच होती त्या मांजरावर, कमी होती ती माहिती, आणि या कोर्सची साडेपाच वर्षं त्याच्यासाठीच आहेत.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक कर. जवळच्या तालुक्यातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना श्रेणी-1 (जिथे पदवीधर डॉक्टर असतात) शोध, तिथल्या डॉक्टरांना विनंती कर की मला आठ दिवस नुसतं बाजूला उभं राहून बघू द्या. बहुतेक जण हो म्हणतात, आपलं काम कुणी मन लावून बघतंय हे आम्हाला फार क्वचित मिळतं. दवाखान्यात येणारं बघच पण त्यांच्या गाडीवर मागे बसून गोठ्यावर जा, आणि जमलं तर रात्री अडलेली एखादी गाय सोडवताना थांब. वासराचं डोकं मागे वळलेलं असतं, डॉक्टर खांद्यापर्यंत हात आत घालून ते सरळ करत असतात, घरची माणसं कंदील नाहीतर मोबाईलची बॅटरी धरून उभी असतात आणि एक शब्द कुणी बोलत नाही. घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी केसातला वास जात नाही. तरीही सकाळी उठल्यावर पहिला विचार जर हा आला की ते वासरू उभं राहिलं का, दूध प्यायलं का, तर डोळे झाकून फॉर्म भर. आणि नुसती शिसारी आली असेल तरी काही बिघडलं नाही, आठ दिवसात कळलं, साडेपाच वर्षं वाचली. एमबीबीएस हुकलं म्हणून नाइलाजाने इकडे आलेली मुलं मी बघितलीत, त्यातली काही पुढे उत्तम डॉक्टर झाली, पण ती सगळी कधी ना कधी अशी एखादी रात्र बघून झाली.

प्रश्न : मुलाला व्हेटर्नरीला घालायचंय. फॉर्म कुठे भरायचा कळत नाही. एक एजंट म्हणतो शेजारच्या राज्यात सीट करून देतो, पैसे आधी भरा. शेतकरी माणूस आहे, मार्गदर्शन करा. (एक पालक, औसा तालुका)

दादा, एजंटला एक रुपया देऊ नका, हे आधी.

पदवीचं नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकशास्त्र आणि पशुसंवर्धन. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, मिळून साडेपाच. मुलाला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, त्यात 50 टक्के (राखीव गटांना सवलत आहे), प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण हवीत, आणि नीट दिलेली हवी कारण मेरिट नीटच्या मार्कांवर लागतं. आता इथेच खूप जण फसतात. एमबीबीएस, बीडीएसचा सीईटी सेलचा फॉर्म भरला म्हणजे हाही भरला गेला असं समजतात. तसं नाही. आपल्या राज्यातली कॉलेजं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे येतात, त्याला सगळे माफसू म्हणतात, मुख्यालय नागपूरला, आणि त्यांचा फॉर्म वेगळा असतो. शिवाय प्रत्येक सरकारी कॉलेजातल्या 15 टक्के जागा देशपातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, त्याचा फॉर्म पुन्हा वेगळा. दोन्ही भरा. नीटचा निकाल लागल्यापासून दोन्हींच्या वेबसाईट रोज बघायला लावा मुलाला, तारीख निघून गेली की कुणाच्याही हातात काही राहत नाही.

कॉलेजं म्हणाल तर मुंबईत परळ, हे सगळ्यात जुनं, 1886 सालचं. मग नागपूर, परभणी, सातारा जिल्ह्यातलं शिरवळ, आणि तुमच्या अगदी दाराशी उदगीर. सरकारी फी खाजगी मेडिकलच्या मानाने फारच कमी आहे, खर्च होतो तो हॉस्टेल, मेस आणि पुस्तकांचा. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाईल हे कागद आत्ताच तयार ठेवा. व्हॅलिडिटीसाठी शेवटच्या आठवड्यात धावणारे बाप मी दरवर्षी बघते, जीव तुटतो.

आणि बाहेरच्या राज्यातल्या कुठल्याही कॉलेजचं नाव कुणी सांगितलं तर एकच गोष्ट तपासा, त्या कॉलेजची पदवी भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या मान्यतेच्या यादीत आहे का. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे ती यादीत नसेल तर पदवीनंतर नोंदणी होत नाही आणि नोंदणी नाही म्हणजे डॉक्टर नाही. एजंटला हा प्रश्न विचारून बघा, लगेच विषय बदलेल.

प्रश्न : पहिल्या वर्षाला आहे. घरी आठ म्हशी, लहानपणापासून धारा काढतोय, मला वाटलं मला सगळ्यात सोपं जाईल. पण शिक्षण मराठीत झालंय आणि इथे सगळं इंग्रजी, अ‍ॅनाटॉमीची नावं डोक्यात राहत नाहीत, पहिल्या इंटर्नलला नापास झालो. शहरातली मुलं फाडफाड बोलतात. सोडून घरी जावंसं वाटतं. कॉलेजचं नाव छापू नका. (एक विद्यार्थी)

अरे बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. सोडू नकोस.

तुला वाटतंय की तुला येत नाही, पण खरं तर तुला येतंय, फक्त वेगळ्या नावाने येतंय. रुमेन म्हणजे आपलं कोठीपोट. रेटिक्युलम म्हणजे जाळीपोट, त्यातच तार, खिळे अडकतात. ओमॅझम म्हणजे पडदेपोट. राहिलं अ‍ॅबोमॅझम, ते खरं पोट, आपल्यासारखं. पोटफुगीने म्हैस तडफडते तेव्हा डावी भकाळी (कुशीतला खळगा) फुगते हे तू घरी बघितलं असशील, शहरातल्या पोराने ते पुस्तकात वाचलंय. कोठीपोट डावीकडे असतं म्हणून डावीकडे फुगते आणि म्हणूनच अगदी जिवावर आलं तर ट्रोकार (गॅस काढायची टोकदार नळी) डाव्या भकाळीत मारतात. झालं, एक अख्खा टॉपिक तुला आधीच येत होता. एक जाड वही कर, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला तुमच्या गावात म्हणतात तो शब्द. मास्टायटिस, दगडी. प्लॅसेंटा, वार. टिक, गोचीड. ज्याला गावचा शब्द नसेल त्याच्यापुढे चित्र काढ. मी हेच केलं होतं, माझी ती वही अजून आहे.

हाडांचं म्हणशील तर हाडं वाचून पाठ होत नाहीत. हातात घे, डोळे मिट आणि बोटांनी ओळख, कुठे खाच आहे, कुठे भोक आहे, डावं की उजवं. हे नुसतं परीक्षेसाठी नाही. पुढे तुझं बरंचसं काम डोळ्यांना दिसणारच नाही. गर्भतपासणी शिकताना आम्हाला पहिल्या दिवशी खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा घालून गायीच्या मागे उभं केलं. हात आत गेला आणि मला काही म्हणजे काहीच कळेना, सगळं गरम, मऊ, आणि गाय जोर करते तेव्हा मनगट आवळल्यासारखं होतं, पाच मिनिटांत बोटं बधिर. सर म्हणाले, कोंबडीच्या मानेसारखं काहीतरी कडक लागतंय का ते शोध. पहिल्या गायीत नाही सापडलं, दुसरीत नाही, आठव्या-नवव्या गायीला एकदम बोटाखाली तो कडक नळा आला, गर्भाशयाचं तोंड, आणि मी ओरडलेच. तिथून पुढे बोटं सरकवत गेले की दोन शिंगं, त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा मोठं आणि पाण्याने भरल्यासारखं, म्हणजे अडीच-तीन महिन्यांची गाभण. या कामाला फाडफाड इंग्रजी लागत नाही. म्हैस कधी लाथ मारणार हे जिला बघून कळतं ती व्यक्ती लागते, आणि तो तू आहेस.

इंटर्नलचं पेपर घेऊन सरळ सरांकडे जा, कुठे चुकलं विचार. सीनियर बघ कुणी मराठी माध्यमातला, प्रत्येक बॅचला असतोच. आणि रूमवर एकटा कुढत बसू नकोस, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर घरी सांग, आईला सांग. आठ म्हशींच्या घरातल्या आईला यातलं बरंच कळतं.

जाता जाता दोन गोष्टी, त्यांच्यापुढे मार्क काहीच नाहीत. रेबीजच्या लसीसाठी कुत्रं चावायची वाट बघायची नाही, ती आधीच घ्यायची, आपल्या धंद्यात हा नियमच आहे. नसेल घेतली तर या आठवड्यात चौकशी कर. आणि गाभडलेल्या गायीला, वार काढताना, मोज्याशिवाय हात लावायचा नाही, घरच्या म्हशीला सुद्धा नाही. माझ्या एका मैत्रिणीला इंटर्नशिपमध्ये ब्रुसेला (गाभडलेल्या जनावरांकडून माणसाला लागणारा रोग) झाला, रोज संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, सांधे धरायचे, आणि महिनाभर ती टायफॉईडच्या गोळ्या खात होती कारण ती गायींमध्ये काम करते हे तिला कुणी विचारलंच नाही.

प्रश्न : मी पशुसंवर्धनाचा डिप्लोमा केलाय, गावात सगळे मला डॉक्टरच म्हणतात. मला डिग्रीला थेट पुढच्या वर्षाला प्रवेश मिळेल का? आणि डिप्लोमावर पूर्ण प्रॅक्टिस का करू देत नाहीत? (जि. सोलापूर)

थेट पुढच्या वर्षाला नाही मिळत. बारावी सायन्स बायोलॉजी घेऊन, नीट देऊन पहिल्या वर्षापासून यावं लागतं. तुझं वय आणि तयारी असेल तर जरूर ये, हाताला सवय असलेली मुलं वर्गात पुढे जातात.

दुसऱ्या प्रश्नात तुझा राग दिसतोय आणि तो मला समजतो, कारण रात्री दोन वाजता गोठ्यावर आधी तूच पोचतोस. पण कायदा 1984 चा आहे, त्यात डिप्लोमाधारकाला प्राथमिक स्वरूपाची सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करता येते, स्वतंत्रपणे नाही. याचं कारण एका औषधावरून सांगते. डायक्लोफेनॅक, ताप आणि सुजेवरचं स्वस्त इंजेक्शन, सगळे सर्रास मारायचो. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडून ते दोन-चार दिवसात मरायचं. आपल्या देशातली गिधाडं अशी संपत आली, शेवटी 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं आणि मेलॉक्सिकॅम आलं. तेव्हा सुई मारणाऱ्यात डॉक्टरही होते, मी पण होते, हे मी लपवत नाही. म्हणून तर म्हणते की सुईमागचं शास्त्र जितकं खोल शिकता येईल तितकं शिकायला हवं. गावाला तुझी गरज आहे, जवळच्या डॉक्टरांशी जोडून घेऊन काम कर, अवघड केस वेळेवर त्यांच्याकडे पाठव, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : इंटर्नशिप संपत आलीय. एमपीएससी करू, शहरात पेट क्लिनिक काढू, की गावाकडे प्रॅक्टिस? परदेशाचंही डोक्यात आहे. घाबरल्यासारखं झालंय. (एक इंटर्न)

आधी नोंदणी करून घे, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे, ती झाल्याशिवाय पुढचं काहीच नाही.

रस्ते बरेच आहेत. पशुधन विकास अधिकारी एमपीएससीतून होता येतं, पण जाहिरात कधी येईल यावर आयुष्य टांगून ठेवू नकोस, अभ्यास चालू ठेव आणि सोबत काम कर. बँकांमध्ये कृषी अधिकारी म्हणून आपली पदवी चालते, दूध संघ, पोल्ट्री, औषध कंपन्या आहेत, सैन्यात रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे. शिकायची हौस असेल तर दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी. आहे. अमेरिकेत जायचं तर आधी तिथल्या समकक्षतेच्या परीक्षा आणि मग नावली नावाची लायसन्सची परीक्षा, खर्च आणि वर्षं दोन्ही धरून चाल. शहरात क्लिनिक काढायचं तर लगेच काढू नकोस, दोन वर्षं चांगल्या डॉक्टरच्या हाताखाली काढ.

पण तू पत्रात शेवटी लिहिलंयस की मनातून गावाकडे ओढ आहे फक्त भीती वाटते, म्हणून त्याच्यावर बोलते. 2019 च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात सव्वातीन कोटीच्या वर पशुधन होतं, आणि 2022 ला लम्पी आला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस घेऊन आपली माणसं रात्रंदिवस फिरली तरी पुरी पडत नव्हती. काम नाही असं होणार नाही. उधारी होईल, ते खरंय. पहिल्या दिवसापासून वही ठेव आणि व्हिजिटचे पैसे मागायला लाजू नकोस, औषधाचे मागतो तसेच तुझ्या हाताचे माग.

भीतीचं म्हणशील तर मला पहिली एकटीने केलेली केस आठवते. संकरित गाय, तिसरं वेत, आदल्या दिवशी व्यालेली, वीस लिटरची. मान पोटावर टाकून बसलेली, कान गार, नाकाड कोरडं ठणठणीत, शेण नाही. घरच्यांनी कुंकू लावून ठेवलं होतं, ती जाणार असं धरूनच. दुग्धज्वर, कॅल्शियम एकदम उतरलेलं. मानेच्या शिरेतून कॅल्शियमची ड्रिप लावली, एका हाताने बाटली आणि दुसऱ्या हाताने स्टेथो छातीवर, कारण ते भराभर गेलं तर हृदय थांबतं. मध्येच ठोका चुकल्यासारखा वाटला, नळी दाबून धरली, माझंच काळीज तोंडात आलं होतं, परत ठोके सरळ झाले तेव्हा परत हळूहळू सोडलं. अर्धी बाटली संपली आणि तिने ढेकर दिली. मग अंगावर थरथर, नाकाडावर दव पडल्यासारखे थेंब, मग शेण टाकलं. सुई काढून बाजूला झाले आणि पंधरा मिनिटांत ती मागचे पाय झाडत उभी राहिली, वासराकडे वळून हंबरली. त्या घरातल्या आजीने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, पैसे नंतर आठ दिवसांनी आले, पण आले.

तर गाडीच्या डिकीत कॅल्शियमची एक नाही दोन बाटल्या कायम ठेव, आणि थंडीच्या दिवसात लावायच्या आधी कोमट पाण्यात धरून घे, गार बाटली तशीच शिरेत सोडायची नाही.